एकट्यापुरतं शिजवताना वरण का सुटतं?

चक्कर येते, हातापायात त्राण नाही, पायऱ्या चढताना गुडघे साथ देत नाहीत, अशा तक्रारी घेऊन साठीपुढची माणसं जिंतूरच्या आमच्या सरकारी दवाखान्यात येतात. रक्तदाब आणि साखर बघून झाली की मी त्यांना विचारतो, "काल रात्री काय जेवलात?" 'जेवलात का' असं विचारलं तर सगळेच 'हो' म्हणतात. 'काय' विचारलं की उत्तराला जरा वेळ लागतो. "सकाळची भाकर होती, ठेचा होता." "चहा-बटर घेतलं, भूकच नव्हती." "मूठभर मुरमुऱ्यांचा सुसला केला." आणि त्यामागे बहुतेक वेळा एक वाक्य येतं, "एकल्या जीवाला काय लागतंय, साहेब?"

एकटं राहणारी माणसं आता अपवाद राहिलेली नाहीत. मुलगा-सून पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला, आई गावात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर कित्येक घरांत एकच म्हातारं माणूस आणि एकच चूल असते. शिवाय बदली होऊन आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, पोलीस भरतीची तयारी करणारी खोलीवरची पोरं. वयं वेगळी, घरं वेगळी, पण ताट सारखंच दिसतं.

या ताटातली भाकरी सुटत नाही. आधी सुटते ती डाळ, मग भाजी. आळस हे त्याचं कारण नाही. उभं आयुष्य आठ-दहा माणसांचा स्वयंपाक केलेल्या बाईला आळशी म्हणणं बरं नव्हे. कारण साधं आहे. घरातला कुकर पाच लिटरचा. त्यात मूठभर डाळ लावली तर ती तळाला चिकटते, आणि भरपूर केली तर तीन दिवस तेच खावं लागतं. मेथीची गड्डी आणली की अर्धी पिवळी पडून जाते. वरण म्हटलं की कुकर, फोडणीचं पातेलं, वर भांडी घासणं. भाकरी तव्यावर टाकली की झाली, ठेचा आठ दिवस टिकतो. रेशनच्या पिशवीतही मुख्यतः गहू-तांदूळच असतात. डाळ विकत आणावी लागते.

पोट भाकरीनं भरतं, यात शंका नाही. ज्वारी उत्तम धान्य आहे आणि आपल्या भागाचा तो खरा ठेवा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण दिलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. पण कोणतीही ज्वारी डाळीची जागा घेऊ शकत नाही. एक हिशेब मांडून बघू.

पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४० ते ४२ ग्रॅम प्रथिनं लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर भाकरीमागे ६ ग्रॅम. दिवसाला तीन भाकरी आणि चहातलं दूध मिळून जेमतेम २१ ग्रॅम होतात, म्हणजे गरजेच्या निम्मे. त्यातही ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो. आपल्या पूर्वजांनी भाकरीशेजारी वरण ठेवलं, ते फक्त घास भिजवण्यासाठी नव्हतं.

आता त्याच ताटात दिवसभरात दोन मुठी कच्ची डाळ (सुमारे ६० ग्रॅम), मूठभर शेंगदाणे आणि एक वाटी दही वाढवा. डाळीचे १३, शेंगदाण्याचे ६, दह्याचे ५. बेरीज ४५ होते. एवढाच काय तो फरक आहे. पण त्यावर माणसाचं उठणं-बसणं अवलंबून असतं.

वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि खाल्लेल्या प्रथिनाला त्यांचा प्रतिसादही मंदावतो. तरुणाला पुरेल तेवढ्या प्रथिनात म्हाताऱ्याचे स्नायू टिकत नाहीत. म्हणून वृद्धांच्या आहाराचे तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. घरोघर उलटं घडतं. वय झालं, आता हलकं खावं, असं म्हणत डाळ बंद होते आणि चहा-खारी वाढते. मांड्यांचे स्नायू गेले की न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि एकट्या माणसाला उचलायलाही घरात कोणी नसतं.

चहा-बटरचा आणखी एक धोका आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. वैद्यकशास्त्रात त्याला 'टी अँड टोस्ट' आहार म्हणूनच ओळखतात. मूत्रपिंडाला शरीरातलं जादा पाणी बाहेर टाकायला लघवीत काही क्षार आणि प्रथिनांपासून बनणारा युरिया लागतो. दिवसभर चहा आणि पाणीच पोटात गेलं, डाळ-भाजी जवळपास नाहीच, तर ते पाणी बाहेर टाकण्याची क्षमता घटते. रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असायला हवं. बरंच उतरलं की मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं, कधी झटकाही येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. घरचे म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला. तो भ्रम कधी कधी ताटातून आलेला असतो. पण म्हणून कुणी स्वतःच्या मनानं मीठ वाढवू नये. रक्तदाबाच्या रुग्णाला ते घातक ठरेल, आणि सोडियम का उतरलं हे तपासल्याशिवाय कळत नाही.

मधुमेहाच्या रुग्णांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेतलं, पण एकट्यासाठी करायचा कंटाळा आला म्हणून रात्रीचं जेवण टाळलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली येते. इन्सुलिन घेणाऱ्यांत आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घेणाऱ्यांत हे विशेष घडतं. घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर ७० च्या खाली गेली असेल, किंवा मोजायचं यंत्र नसेल पण लक्षणं ही असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघावं, सुधारणा नसेल तर परत घ्यावी आणि मग काहीतरी खावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, सरळ १०८ ला फोन करावा. हे शेजाऱ्यांनाही ठाऊक असायला हवं, कारण एकट्या माणसाला सापडायला वेळ लागतो. औषध चालू असताना जेवण बुडवायचं नाही. जेवण जाणारच नसेल तर औषधाचं काय करायचं ते आधी विचारून ठेवायचं.

मग एकट्यानं शिजवायचं काय? माझं मत असं की पूर्ण ताटाचा आग्रहच सोडावा. एका वेळी एक भांडं चढवायचं, पण त्यात डाळ असली पाहिजे.

आपल्याकडची वरणफळं घ्या. डाळ शिजवायची, त्यात कणकेचे तुकडे सोडायचे, उकळी येताना मूठभर मेथी किंवा शेपू टाकायचा. धान्य, डाळ आणि पालेभाजी एकाच पातेल्यात. डाळ-मेथी, डाळ-पालक, मुगाची खिचडी या त्याच जातीच्या गोष्टी. ज्वारीच्या पिठात बेसन मिसळून, कांदा-कोथिंबीर घालून धपाटे केले तर सकाळचे संध्याकाळपर्यंत चांगले राहतात, सोबत दही घ्यावं. आणि बेसन, म्हणजे पुणेकरांचं पिठलं, ही डाळच आहे हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. दहा मिनिटांत होतं. फक्त एका चमच्याचं पाणचट न करता चार मोठे चमचे पीठ घालावं.

मराठवाड्याच्या जुन्या घरांत एकट्यादुकट्याची सोय आधीच करून ठेवलेली असे. येसर म्हणजे धान्य आणि डाळी भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ; उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. डाळींचे सांडगे उन्हात वाळवून डब्यात. मेतकूट, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी. ठेच्याऐवजी यातली एक चटणी रोज दोन चमचे खाल्ली तरी ताट सुधारतं. मीठ मात्र बेताचं असावं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, एवढंच मीठ पुरतं. लोणचं, पापड आणि झटपट नूडल्सचा मसाला यांतच ते संपून जातं. खोलीवर राहणाऱ्या पोरांनी हे वाचावं.

घरात खर्च करायचाच असेल तर दोन लिटरचा छोटा कुकर घ्यावा. त्यात एका डब्यात डाळ, वर दुसऱ्यात तांदूळ, आणि डाळीतच दोडक्याचे किंवा दुधीचे तुकडे. अंडं चालत असेल तर रोज एक उकडावं, त्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात. येलदरी धरणाची मासळी खाणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको. पालेभाजीची गड्डी शेजारणीबरोबर अर्धी-अर्धी वाटून घ्यावी. गावात हे सहज जमतं, शहरातल्या फ्लॅटमध्ये अवघड जातं. जेवणावर लिंबू पिळावं आणि चहा तासभर लांब ठेवावा. लिंबानं धान्य-भाजीतलं लोह अंगी लागतं, चहानं ते अडतं. आपल्या बायकांत रक्त कमी असण्याचं प्रमाण इतकं आहे की या फुकटच्या उपायाकडे दुर्लक्ष परवडणारं नाही.

एकट्या बायकांचे उपास हा जरा नाजूक विषय आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असं करत आठवड्यातले तीन दिवस साबुदाण्यावर जातात. श्रद्धेबद्दल मला बोलायचं नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. त्याऐवजी राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दूध-दही घ्यावं. भगर चालेल, पण ती गोटा आणून, निवडून, धुऊन घरी शिजवावी. जुनं, सुटं मिळणारं भगरीचं पीठ टाळावं. दमट जागी त्याला बुरशी लागते आणि उपासाच्या दिवशी विषबाधेचे रुग्ण मराठवाड्यात अनेकदा आले आहेत.

उरलेल्या अन्नाबद्दल उन्हाळ्यात विशेष जपावं लागतं. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा सकाळचं वरण संध्याकाळी आंबतं. फ्रिज असेल तर अन्न दोन तासांच्या आत आत ठेवावं आणि दोन दिवसांत संपवावं. वीज बराच वेळ गेली असेल तर मोह धरू नये. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात डाळ एकाच वेळेपुरती लावावी, संध्याकाळी बेसन किंवा येसर. भात तर उरवूच नये. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं उलटी घडवणारं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. 'चांगलं उकळलंय, काय होतंय' हा समज इथे उपयोगाचा नाही.

आपलं खाणं पुरतंय का, हे घरच्या घरी कळतं. हातातल्या बांगड्या सैल झाल्या, चपलेचा पट्टा ढिला पडला, की लक्ष द्यावं. वजन दर महिन्याला बघावं. न ठरवता सहा महिन्यांत पन्नास किलोचं साडेसत्तेचाळीस झालं तर ते साधं नाही. त्यामागे कमी खाणं असू शकतं, तसंच क्षयरोग, थायरॉईड, वाढलेली साखर किंवा कर्करोगही असू शकतो. दुसरी चाचणी खुर्चीची. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसायचं, हात छातीशी दुमडायचे आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायचं-बसायचं. सोबत कोणीतरी उभं असावं. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर मांड्यांची ताकद कमी झाली आहे असं समजावं.

यातलं काही आढळलं, दात नसल्यामुळे चावता येत नसेल, किंवा जेवणावरची वासनाच उडाली असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. एकटेपणातलं औदासीन्य भुकेवर आधी हल्ला करतं आणि त्यावर उपचार आहेत. येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा, आणि मागच्या दोन दिवसांत काय-काय खाल्लं ते आठवून या, चहाचे कप मोजून.