ग्रेट्झ्की जाणार? कुजबुज खरी ठरली तेव्हा

मे 1988. एडमंटन ऑइलर्सने पाच वर्षांत चौथ्यांदा स्टॅन्ली कप जिंकला. संघ त्या जल्लोषात असतानाच क्लब आपल्या मुलाला विकायला निघाल्याची कुणकुण वॉल्टर ग्रेट्झ्की यांनी वेनच्या कानावर घातली. आइस हॉकीतला सर्वोत्तम खेळाडू विकला जाईल, यावर कॅनडात कोण विश्वास ठेवणार?

9 ऑगस्टला तो विकला गेला.

मालक पीटर पॉकलिंग्टन यांना पैसा हवा होता. लॉस एंजेलिस किंग्जचे ब्रूस मॅकनॉल यांनी दीड कोटी डॉलर मोजले. शिवाय जिमी कार्सन व मार्टिन जेलिना हे खेळाडू आणि नव्या खेळाडूंच्या निवडीतले पहिल्या फेरीचे तीन हक्क दिले. ग्रेट्झ्कीबरोबर मार्टी मॅकसोर्ली आणि माइक क्रुशेलनिस्कीही गेले. पत्रकार परिषदेत ग्रेट्झ्कीला रडू आवरेना. डोळे पुसत तो बोलता बोलता थांबला.

संतापलेल्या चाहत्यांनी पॉकलिंग्टन यांचा पुतळा जाळला. सरकारने हा सौदा रोखावा, अशी मागणी खासदार नेल्सन रीस यांनी केली. अनेकांनी खापर फोडलं ते ग्रेट्झ्कीची नवी नवरी, अमेरिकन अभिनेत्री जॅनेट जोन्स हिच्या डोक्यावर. हा सरळसरळ अन्याय होता. लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि सौद्याच्या वाटाघाटींमागे हिशेब होता तो मालकाच्या तिजोरीचा.

ऑइलर्सने 1990 मध्ये ग्रेट्झ्कीविना पुन्हा कप जिंकला. किंग्जला मात्र 1993 च्या अंतिम फेरीत मॉन्ट्रियलने हरवलं.