छोट्या लेथची थरथर

घरी छोटा लेथ घेतला की सुधारणेचा पहिला खर्च बहुधा मोटरवर होतो. पोलादी गजावर एक मिलिमीटरचा कट देताच टूल किंचाळतं, जॉबवर लाटा उमटतात आणि मालकाला वाटतं, ताकद कमी पडतेय. हिशेब मात्र वेगळं सांगतो. साध्या पोलादाचा एक घन मिलिमीटर काढायला ढोबळमानाने २ ते ३ जूल ऊर्जा लागते. १ मिमी कट, ०.१ मिमी फीड आणि मिनिटाला ३० मीटर कटिंग स्पीड धरला, तर सेकंदाला ५० घन मिमी धातू निघतो. म्हणजे टूलच्या टोकाशी १०० ते १५० वॅट पुरेत. या लेथवर मोटर साधारण ३५० ते ७५० वॅटची असते. मोठ्या व्यासाचा जॉब कमी फेऱ्यांवर फिरवताना ती दमते, हे खरं. पण तिथे पुलीचं प्रमाण बदलून काम भागतं.

खरा दोष ताठरतेचा आहे. त्याच कटमध्ये टूलवर २० ते ३० किलो वजनाइतका जोर येतो. तो टूलपोस्ट, कंपाउंड स्लाइड, क्रॉस स्लाइड, कॅरेज, बेड, हेडस्टॉक, बेअरिंग आणि चक असा फिरून जॉबपर्यंत पोचतो. वाटेतला प्रत्येक सांधा थोडा दबतो आणि या सगळ्या दबण्यांची बेरीज होते. समजा, कंपाउंड ३० मायक्रॉन दबतो, बेअरिंग १० आणि बेड ५. बेड अगदी अढळ केला तरी ४५ पैकी पाचच वाचतील. कंपाउंडचं दबणं निम्मं केलं तर पंधरा. शिवाय टूल एकदा हललं की जॉबवर लाट उरते, पुढच्या फेरीत टूल तीच लाट कापतं, जोर कमीजास्त होतो आणि थरथर स्वतःलाच खतपाणी घालते. अशा वेळी मोठी मोटर काय करणार? टूल बाहेर किती काढलंय, हे आधी पाहावं. बाहेरची लांबी दुप्पट झाली की टूलचं वाकणं आठपट होतं. हा उपाय तर फुकटचा.

म्हणून माझ्या मते पहिला बदल कंपाउंड काढण्याचा. त्याजागी क्रॉस स्लाइडवर बिडाचा भरीव ठोकळा बसवावा आणि त्यावर टूलपोस्ट. बीड पोलादापेक्षा कमी ताठर असतं, तरी त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंपनं लवकर विरतात; ठोकळा जाड ठेवला की ताठरतेची तूटही भरून निघते. कोल्हापूरकराला हे तुलनेने सोपं आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव हा सगळा पट्टाच फौंड्री आणि मशीन शॉपचा. एका नगासाठी साचा करायची गरज नाही. जाड बिडाचा तुकडा मिळवून दोन्ही तोंडं समांतर करून घेतली की झालं. मग टेपर आणि आटे कसे काढणार, असा आक्षेप येतो. आखूड टेपरसाठी कंपाउंड परत बोल्टने बसवता येतो, आणि बारीक पिचचे आटे टूल सरळ आत नेऊनही निघतात.

त्यानंतर गिब (स्लाइडमधली ढिलाई काढणारी पट्टी) नीट घासून बसवणं, मग बेअरिंग. अनेक छोट्या लेथमध्ये ६२०६ हे साधं बॉल बेअरिंग असतं. त्याजागी ३०२०६ टेपर रोलर घालतात. नवं १७.२५ मिमी रुंद, जुनं १६, त्यामुळे शेजारचा स्पेसर कमी करावा लागतो. प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) जास्त झाला तर हेडस्टॉक तापतो, तेव्हा घाई नको. डिजिटल रीडआउट मी सर्वांत शेवटी ठेवेन. तो स्लाइडची जागा दाखवतो. जोराखाली टूलचं टोक किती मागे सरकलं, ते त्याला दिसत नाही.

या सगळ्यापेक्षा जुना, जड लेथच का घेऊ नये, हा सर्वांत वजनदार आक्षेप. तळमजल्यावर जागा आणि थ्री-फेज जोडणी असेल, तर तो मला मान्य आहे. फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर शेकडो किलोंचं धूड चढवणं शक्य नसतं, तिथे छोटाच हवा. जुना घेताना कॅरेजचा गिब चकजवळ घट्ट करून ती टेलस्टॉककडे सरकवून पाहावी. तिकडे ती अडकली, तर बेड चकजवळ झिजला आहे, आणि तो पुन्हा ग्राइंड करण्याचा खर्च किमतीत धरूनच भाव बोलावा.