कमल : आजीचे नाव, नातीचे नाव

घरी मुलगी जन्मली की नामकरणासाठी नावांची शोधाशोध सुरू होते. सुजाता, गौतमी, यशोधरा, संघमित्रा ही नावे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घराघरांत रुळली. मात्र 'कमल' सुचविले की तरुण आईबाप म्हणतात, "हे तर आजीच्या काळातले!" म्हणूनच या नावाची नव्याने ओळख करून द्यावी, असे आम्हांला वाटले.

उत्तरेकडे कमल हे मुलाचेही नाव असते. महाराष्ट्रात ते मुख्यतः मुलींचेच. एके काळी कमळाबाई, कमलाबाई, कमलताई गावोगाव भेटत. १९१३ साली फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात काम करणाऱ्या बालनटीचे नावही कमलाबाईच होते. पद्मा, नलिनी, सरोज, उत्पला ही याच नावाची भावंडे. पंकजा म्हणजे तर चिखलात जन्मलेली!

फुलाचे नाव लाभणे ही साधी गोष्ट नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, तर शूद्राचे निंदावाचक असावे, असे सांगितले आहे. दृष्ट लागू नये, मूल जगावे, या अंधश्रद्धेपोटीही कचरू, धोंडाबाई, दगडाबाई अशी नावे ठेवली जात. मुलगा हवा असताना मुलगी झाली, तर तिचे नाव 'नकुशी'! ही फार जुनी गोष्ट नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नको असलेपण नावातच घेऊन त्या मुली शाळेत जात होत्या.

आता कमळाकडे पाहा. धम्मपदाच्या पुप्फवग्गात तथागतांनी उकिरड्यावर उमललेल्या सुगंधी कमळाचा दृष्टांत दिला आहे. रस्त्याकडेला टाकलेल्या केरकचऱ्यातही कमळ फुलावे, तसा बुद्धाचा श्रावक अंधारात चाचपडणाऱ्या लोकांत प्रज्ञेने शोभतो, असा त्याचा आशय आहे. अंगुत्तर निकायात तथागत स्वतःलाही कमळाची उपमा देतात : पाण्यात जन्मते, पाण्यात वाढते, पण पाण्याने माखत नाही. जन्म कोठे झाला यावरून योग्यता ठरत नाही, हे सांगायला याहून सोपे उदाहरण कोणते?

भिक्खुणी संघातही एक कमळ होते. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची कन्या उप्पलवण्णा. उप्पल म्हणजे निळे कमळ. तिच्या रूपामुळे राजघराण्यांतून मागण्या आल्या, पण तिने धम्माचा मार्ग निवडला आणि खेमेच्या बरोबरीने ती अग्रश्राविका झाली. शालवृक्षाखाली एकटी असताना माराने भिवविले, तरी ती डगमगली नाही. तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत. नाव रूपावरून पडले, कीर्ती मात्र धैर्याने आणि साधनेने झाली.

तेव्हा भगिनींनो, मुलीचे नाव कमल ठेवा, उत्पला ठेवा किंवा आणखी कोणते ठेवा. पण त्याचा अर्थ तिला समजेल अशा वयात जरूर सांगा. आणि केवळ नावावर थांबू नका. शाळेची फी भरताना, ताटात वाढताना आणि घरातला निर्णय घेताना ती मुलाइतकीच 'हवीशी' आहे, हे तिला दिसू द्या. तरच ते नाव तिला शोभेल, आणि आपल्यालाही.