वावरमा, शेतात
(खान्देशची शाळा : भाग ६)

‘वीस वर्षं शिकवतोय, आता माझी परीक्षा?’ पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. तेव्हापासून जळगाव-धुळ्याच्या शाळांत चहाच्या वेळी हाच सवाल. त्या परीक्षेबद्दल मागच्या भागात लिहिलं. पात्र ठरून झाल्यावरही शिक्षकाला शिकायचं काय उरतं, ते आज बघू.

एक वही डोळ्यांसमोर आहे. धुळ्याकडचं गाव, दुसरीचा वर्ग. पोराने लिहिलंय, ‘मन्ही माय वावरमा गई.’ तीन शब्दांभोवती लाल गोल, खाली शेरा : ‘शुद्ध लिही.’ पोरगं बुचकळ्यात. घरी तर सगळे असंच बोलतात.

अहिराणीकडे भाषा म्हणून बघायला शिकलेल्या बाई याच वहीत वेगळं काही वाचतात. प्रमाण मराठीत घरात, गावात, शेतात. अहिराणीत घरमा, गावमा, वावरमा. ‘त’च्या जागी ‘मा’. पोराने नियम पाळलाय, तोही बिनचूक, फक्त तो दुसऱ्या भाषेचा आहे. फळ्यावर दोन रकाने आखले की ‘मा’चा ‘त’ करणं हा वर्गाला दहा मिनिटांचा खेळ होतो, आणि कुणाच्या आईची बोली अशुद्धही ठरत नाही. शिरपूर-चोपड्याच्या पाड्यांवर पावरी बोलणाऱ्या मुलांपुढे तर गुरुजींनाच आधी विद्यार्थी व्हावं लागतं.

हे शिकायचं कुठे? कागदावर सोय भरपूर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ‘निष्ठा’ ही शिक्षक-प्रशिक्षण योजना २०१९ पासून आहे. कोरोनाकाळात ती ‘दीक्षा’ पोर्टलवर आली आणि व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडण्याची सोय झाली. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतरची प्रशिक्षणं वेतनश्रेणीला बांधलेली, त्यामुळे तिथे हजेरी चोख! माझा भरवसा त्यामानाने साध्या गोष्टीवर आहे : केंद्राची शिक्षण परिषद. आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसतात. परिपत्रकं वाचण्यात दुपार गेली तर दिवस फुकट. पण कुणी वरची ती वही मधे ठेवली, तर डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) तज्ज्ञालाही खुर्ची पुढे ओढावी लागेल.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे दैनिक हाताने लिहून काढत. रोज लिहायचं तर रोज वाचणं आलं, मुलांत काय चाललंय याकडे रोज कान देणं आलं. हे तास कुठल्याही पोर्टलवर भरले गेले नाहीत.

एक अडचण मात्र खरी. सातपुड्यातल्या द्विशिक्षकी शाळेतले एक गुरुजी परिषदेला गेले, की पहिली ते चौथी दुसऱ्याच्या गळ्यात. मोठी पोरं धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेतात, दुपारपर्यंत तेही संपतात. दुसऱ्या दिवशी परतलेल्या गुरुजींना सहकारी एवढंच विचारतो, ‘पुढची कधी आहे?’

(पुढच्या भागात : केंद्रप्रमुखाचा एक दिवस)