रक्तवाहिन्यांचं वय (लेखांक ६)

गडचिरोलीच्या खेड्यांत माणसं सर्वाधिक कशानं दगावतात, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी मलेरिया किंवा सर्पदंश येईल. ‘सर्च’ संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची घरोघर चौकशी केली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर निघाला लकवा. दर सात मृत्यूंमागे साधारण एक. आणि त्यातल्या बहुतेकांनी प्राण सोडला तो घरीच. धानाच्या बांधीत दिवसभर राबणाऱ्या माणसांचा जीव रक्तवाहिन्यांच्या रोगानं जावा, हे अस्वस्थ करणारं आहे.

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. स्नायूंपर्यंत पोचायला इन्सुलिनला ते ओलांडावंच लागतं, आणि हेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवतं. त्यातली पेशी म्हातारी झाली की तिचं विभाजन थांबतं; पण ती मरत नाही, आजूबाजूला दाह पेटवणारी रसायनं सोडत राहते. आधी साखर बिघडते आणि मग वाहिन्या, असा क्रम आपण गृहीत धरत आलो. जपानमधल्या कोबे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली उलट बाजूनं सुरुवात केली. त्यांनी जनुकीय बदल करून उंदरांच्या अस्तरपेशी अकाली म्हाताऱ्या केल्या. उंदीर वयानं तरुणच होते, तरी त्यांच्या चरबीच्या पेशींनाही वार्धक्य आलं आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देईना. बिघाड वाहिन्यांपासूनही सुरू होऊ शकतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

उंदरांवरून माणसांचा निष्कर्ष काढू नये, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय हे वार्धक्य मुद्दाम घडवलेलं होतं. मात्र ‘काटक माणसाला मधुमेह कुठला?’ हा दुसरा आक्षेप टिकत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच होता, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त निघाली. ‘लॅन्सेट’नं २००४ साली ती तुलना छापली. वाहिन्यांच्या वयाबद्दल ती काही सांगत नाही, पण बारीक अंगकाठीवर विसंबून तपासणी टाळण्याचं कारण मात्र काढून घेते.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीत रक्तदाब मोजणं हे केवळ लकवा टाळण्याचं काम मानू नये. साखरेच्या आजाराशीही त्याचा संबंध जोडून पाहावा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून खर्रा तयार होतो. त्यातलं निकोटीन वाहिन्या आवळतं, रक्तदाब चढवतं, आणि हे दिवसातून कित्येकदा घडतं. मलेरियाच्या जिल्ह्यात हे लाड कशाला, असंही कुणी म्हणेल. पण तापाच्या रुग्णासाठी घरोघरी जाणारी आशाताई त्याच फेरीत दंडाला पट्टा बांधू शकते. म्हाताऱ्या पेशी वेचून काढणारी औषधं अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहेत. रक्तदाबाची स्वस्त गोळी आजच उपलब्ध आहे, आणि काही दुखत नसतानाही ती रोज घ्यावी लागते, हे पटवण्यातच खरे कष्ट आहेत.