रामानुजन आणि कारचा ग्रंथ

श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांच्या गणिती घडणीचा विचार करताना कुंभकोणमच्या शाळेपेक्षा १९०३ साली त्यांच्या हाती आलेल्या एका ग्रंथाकडे अधिक पाहावे लागते. केंब्रिजच्या परीक्षार्थींसाठी जी. एस. कार यांनी केलेले ते संकलन होय. त्यात सूत्रे व प्रमेये सुमारे पाच हजार. सिद्धता मात्र त्रोटक, कित्येकदा मुळीच नाही. ग्रंथ काही थोर नव्हे. परंतु गाळलेली सिद्धता स्वतः रचण्यावाचून पंधरा-सोळा वर्षांच्या रामानुजनांना गत्यंतर नव्हते. सिद्धता वगळून केवळ निष्कर्ष नोंदविण्याची त्यांच्या वह्यांतील रीतही बहुधा येथलीच. या नादात इतर विषय मागे पडले आणि १९०४ साली मिळालेली महाविद्यालयीन शिष्यवृत्ती गेली. सदसत् चलाच्या फलनांचा सिद्धांत कारच्या ग्रंथात नव्हता. मूळ संख्यांविषयीचे रामानुजनांचे विवेचन सदोष राहिले ते याच्या अज्ञानामुळे, असे हार्डी यांचे मत होते.