एका अक्षराचा फरक

उर्दूत 'हाल' हा शब्द लिहा. पहिल्या अक्षराच्या पोटात एक नुक्ता द्या, 'जाल' झाले. तोच नुक्ता वर द्या, 'खाल' झाले. नुक्ता एवढासा, पण अर्थ पार बदलला! आपल्या शरीरातही अशीच एक लिपी आहे.

आपल्या पेशींत डी. एन. ए. नावाचा लांब धागा असतो. त्यात ए, टी, जी, सी ही चारच अक्षरे असतात. प्रथिन तयार करताना पेशी ही अक्षरे तीन-तीन करून वाचते. तीन अक्षरांचा एक शब्द बहुधा एका अमिनो आम्लाची खूण असतो. अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली की प्रथिन बनते. या अक्षरांत झालेल्या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात.

बदल ओळखायचा कसा? 'शरद कमळ उचल' हे वाक्य पाहा. 'कमळ'ऐवजी 'कमल' लिहिले तर अर्थ तोच राहतो. 'कमर' लिहिले तर अर्थ बदलतो. 'शरद' नंतरच पूर्णविराम आला तर वाक्य अर्धवट राहते. आता 'द' गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा: 'शरक मळउ चल'. सारेच वाक्य बिघडले!

रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका जनुकात सहावा शब्द 'जी ए जी' आहे. त्याचा 'जी ए ए' झाला तरी अमिनो आम्ल तेच राहते. हा मूक बदल होय. 'टी ए जी' झाला तर तो पूर्णविराम ठरतो आणि प्रथिन अपुरे राहते. 'जी टी जी' झाला तर ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हाच सिकल सेल आजार. यात एकच अमिनो आम्ल बदलते, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ साली दाखवले. याच जनुकात आठव्या व नवव्या शब्दांमध्ये एक 'जी' जास्त घुसला, तर पुढचे सर्व शब्द सरकतात आणि थॅलेसेमिया होतो. हा बदल भारत व पाकिस्तानात आढळतो.

म्हणून आधी अक्षरे मोजा. संख्या तीच असेल, तर एका अक्षराची जागा दुसऱ्याने घेतली आहे का, ते पाहा. संख्या एका-दोनाने कमी-जास्त असेल, तर वाचनाची चौकट सरकली आहे. पूर्ण तीन अक्षरे गळाली, तर मात्र पुढचे शब्द बहुधा जागेवर राहतात.

विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेक आदिवासी कुटुंबांत सिकल सेल आढळतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः बहुधा निरोगी दिसतो. म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी करून घ्यावी. यात कोणाचाही दोष नाही, लाजण्यासारखेही काही नाही. चूक आहे ती फक्त एका अक्षराची.

शब्दार्थ : मूक – न बोलणारा, अपत्य – मूल, वाहक – आजाराचे जनुक बाळगणारा, पण स्वतः आजारी नसलेला.

स्वाध्याय : 'जी ए जी'चा 'जी जी' झाला. हा कोणता बदल? पुढच्या शब्दांचे काय होईल?